चार बोटं तिरपी चादर

सोलापुरात माणूस जरा मोठा झाला की सत्कारात त्याच्या खांद्यावर चादर टाकतात. वास्तविक ती झोपलेल्या माणसावर टाकायची वस्तू. पण आमच्याकडची भाषणं ऐकल्यावर फारसा फरक जाणवत नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या ज्येष्ठ मंडळानं असे बारा सत्कार ठरवले. चादरी हातमागाच्याच हव्यात, हा हट्ट माझा. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात एक म्हातारे तेलुगू विणकर अजून माग चालवतात. दीड महिना त्यांचा माग रिकामा होता. त्यांनी नमुन्याची एक चादर दिली. ती पास झाली तर बाराचं काम त्यांना, नाहीतर एमआयडीसीतून पॉवरलूमचा गठ्ठा.

मंडळानं रीतसर चाचणी घेतली. म्हणजे सचिवांच्या गच्चीवर सचिवांनी आणि मी ती धुतली. रंग गेला नाही, पण वाळल्यावर आडवे पट्टे तिरपे झाले आणि चादर एका कोपऱ्याकडे कलली. सचिव निवृत्त अभियंता. त्यांनी काटकोन तपासायला सुताराचा गुण्या लावला.

"चार बोटं आउट. मागच वाकडा असणार."

मी चादर घेऊन बोळात गेलो. विणकरमामांनी ती उलगडली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"पिळली कुणी?"

"आम्ही दोघांनी."

"कशी?"

मी हातवारे करून दाखवलं. एक टोक सचिवांकडे, एक माझ्याकडे, आणि दोघांनी उलट्या दिशांना पीळ घातला होता, थेंब राहू नये म्हणून.

"चादर हाय सर. रस काढायला ऊस न्हाय." आतून त्यांच्या बायकोनं तेलुगूत काहीतरी म्हटलं. मामा हसले.

"काय म्हणतायत?"

"काय न्हाय. तुमी लई शिकलेले हाय, म्हणती."

त्यांनी चादर पुन्हा भिजवली, न पिळता निथळू दिली आणि जमिनीवर पसरली. तिरपेपणामुळे समोरासमोरचे दोन कोपरे जवळ आले होते. त्यातला एक त्यांनी मला धरायला लावला, दुसरा स्वतः धरला. मी जोर लावला.

"झटका नको. समजूत घातल्यागत ओढा."

तीन-चार वेळा समजूत घातल्यावर पट्टे सरळ झाले. मग ती दोरीवर न टाकता तिथंच सपाट वाळवली.

सभेत सचिवांनी चारही कोपऱ्यांना गुण्या लावला आणि तो पिशवीत ठेवला. नमुना पास झाला. पिळण्याबद्दल मी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली.

इतिवृत्तात सचिवांनी लिहिलं : 'नमुन्यात आढळलेला दोष विणकराने दूर करून दिला. सबब बारा चादरींचे काम त्यास देण्यात यावे.'

पहिलं वाक्य खोडायला मी पेन उघडलं. मग दुसरं वाक्य वाचलं आणि खाली सही केली.