मागं म्हणणाऱ्यांची जागा
आमच्या भजनात मी पुढं म्हणतो, बाकीचे मागं म्हणतात. औंदा ते सगळे ऊसतोडीला गेले, तिथं पाचटाच्या कोप्या घालून राह्यले आन् म्हणाले, "कोपीवर ऐकायला भजन पाठव." मी ऐटीत हो म्हणलो.

सुनेच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शिकलो. पंखा बंद करायचा, माईकपासून वीतभर लांब बसायचं, स्क्रीनवरची आवाजाची पट्टी लाल झाली की आवाज उतरवायचा. हे जमलं. पण एक ओळ म्हणलो की मी थांबायचो.

"मामा, गप का बसलात?" सुनेनं विचारलं.

"मागचे म्हणायलेत."

"घरात दुसरं कोण हाय? दुसऱ्या ट्रॅकवर मागचंबी तुमीच म्हणा, दोन्ही संगं वाजतील."

म्हणून पाह्यलं. आपणच बोलायचं आन् आपणच हो म्हणायचं, लय वंगाळ वाटलं. तो ट्रॅक पुसून टाकला.

"लोक म्हणतील, म्हातारा ओळी विसरला," सून म्हणाली.

"म्हणू दे."

मधल्या जागा मोकळ्या ठेवूनच पाठवलं. दुसऱ्या दिवशी सांजच्याला आमच्या टाळवाल्याचा फोन आला.

"सगळ्यांनी तुझ्यामागं म्हणलं गड्या. पण जागा लय आखूड सोडल्यास. दिवसभर कोयता चालवून दम उरतो का आमाला?"

सुनेला विचारलं, जागा लांबवायची कशी. ती म्हणाली, "पुन्हा म्हणायचं न्हाई मामा, स्क्रीनवर पुढची ओळ माऊसनं धरून नुसती सरकवायची."

मग एकेक ओळ सरकवीत बसलो.