मागून लागलेल्या आठ गोळ्या

मला आजवर आठ गोळ्या घालण्यात आल्या आहेत, आणि त्या सगळ्या मी स्वतः अपॉइंटमेंट घेऊन घालून घेतल्या.

झालं असं, की पन्नाशी लागली आणि मी भरदुपारी ऑफिसात फायलीवर डोकं ठेवून झोपायला लागलो. दोनदा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "टेस्टोस्टेरॉन फारच कमी आहे." म्हणजे पुरुषाला पुरुष ठेवणारं जे काही असतं, ते. त्यावर एक उपाय असा, की तांदळाच्या दाण्याएवढ्या गोळ्या कमरेखाली, कातडीच्या आत बसवायच्या. त्या काही महिने हळूहळू विरघळतात. मी म्हटलं, "घाला." (आमच्या घराण्यात निर्णय असेच होतात.) आठवडाभर उठाबशा नाहीत, पळणं नाही, एवढंच त्यांनी बजावलं.

मी बायकोला, सुनंदाला, एकच अट घातली: गावी, पिशोरला, कळता कामा नये. गावात भांडणं मिटवायला अजून मलाच बोलावतात. याच माणसात असलं काही कमी पडलंय म्हटल्यावर उद्या बांधावरचं कुत्रंही माझं ऐकणार नाही.

सुनंदाला खोटं बोलता येत नाही. ती अर्धं खरं बोलते, आणि ते जास्त महागात पडतं. गोळ्या बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून माझ्या मायचा फोन आला, तो तिनंच उचलला.

"रविवारी येऊ ऱ्हायला का तो?"

"नाय जमायचं माय. गोळ्या घातल्यात त्यांना."

"गोळ्या घेतल्या म्हण."

"घेतल्या नाय, घातल्या. आठ."

"आगं बाई! कुठं?"

"मागून. कमरेखाली."

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. "रेंज गेली वाटतं," असं म्हणून सुनंदा चहा टाकायला गेली.

दोन तासांनी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली एक पिकअप थांबली आणि तिच्यातून बारा माणसं उतरली. मी पालथा पडलो होतो. माय माझ्या तोंडावरून हात फिरवत रडायला लागली. चुलतभाऊ भगवान काठी घेऊन आला होता. वडील, म्हणजे आबा, दारातच उभे.

"मागून लागल्या?"

"व्हय, पण आबा, ऐका तर..."

"म्हंजी पळत हुतास."

(आठही गोळ्यांपेक्षा हे जास्त लागलं.)

"दादा, फक्त नाव सांग," भगवान म्हणाला. मी उशीत तोंड खुपसलं. मग त्यानं सुनंदाला गाठलं. "वहिनी, दादाचं कोणाशी वाकडं हाय?"

"तसं कोणाशी नाय. खालच्या जोशी सरांशी पार्किंगवरून बोलाचाली झाली होती, तेवढीच."

जोशी सर निवृत्त चित्रकला शिक्षक. मांजरालासुद्धा 'अहो' म्हणणारा माणूस. भगवान काठी घेऊन जिना उतरायला लागला आणि सगळी पिकअप त्याच्या मागं.

आता एक तर माझं नाव राहणार होतं, नाही तर जोशी सरांचं डोकं. मी उठलो आणि दोन-दोन पायऱ्या घेत पळालो. भगवाननं सरांची बेल वाजवली होती, सरांनी दारही उघडलं होतं.

"थांब! डॉक्टरनं घातल्या!"

"कोणत्या डॉक्टरनं? नाव सांग त्याचं."

मग जिन्यात उभं राहून, बारा माणसं आणि एका चित्रकला शिक्षकासमोर, मी माझ्यात नेमकं काय कमी आहे ते खणखणीत आवाजात सांगितलं. आबांनी बराच विचार केला.

"म्हंजी युरियाच्या गोळ्या. मुळाशी दाबायच्या, हळूहळू लागू पडत्यात."

"तसंच."

"मंग तोंड काहून लपवतो? जमीन थकती, माणूस नाय थकत व्हय?"

मला एकदम भरून आलं. तेवढ्यात पायजमा मागून ओला लागला. टाका निसटला होता. जोशी सरांनी पायरीवरून काहीतरी कागदावर उचललं आणि अदबीनं पुढं केलं. "अहो, हे आपलं का?"

दवाखान्यात आबा सोबत आले. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि कपाळाला हात लावला. "इतकं सांगून गोळी बाहेर आलीच कशी? केलंत काय नेमकं?"

"पळालो," मी म्हणालो.

"म्या तर दारातच म्हणलं हुतं," आबा म्हणाले.