खिंडीचा करार

माझ्या ताईशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. आमचे वडील आधी माघार घ्यायचे आणि मग विषय काय होता ते विचारायचे. शाळेत इतिहास शिकवताना तिने दोन मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ आणले. चाळिशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडली आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि मुत्सद्देगिरी या विषयात एम.ए. करायला निघाली. आई म्हणाली, "भांडायला हिला घर पुरेना, आता देश लागतात."

अभ्यासात ती पहिल्यापासून पुढे. परराष्ट्र खात्यात तिची निवडही झाली, पण पदवी याच वर्षी हातात हवी होती. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. मधे फक्त सराव वाटाघाटी उरल्या होत्या.

त्यांची रीत न्यारी. दोन खोटे देश, मधे एक खिंड, खिंडीत चौकी, रस्ता आणि काही गावं, दोन्ही अंगांना तोफा. दोन्हीकडून एकेक विद्यार्थी दूत. करारावर सह्या झाल्या म्हणजे सुटका नाही. खालच्या वर्गातली मुलं दोन्ही देशांच्या संसदा होऊन बसतात आणि दूताला आपापल्या संसदेकडून करार मंजूर करून घ्यावा लागतो. दोन्हीकडे मंजूर झाला तर दोघंही पास, एकीकडे जरी पडला तरी दोघंही नापास.

ताईसमोर होता कॅप्टन. सैन्य सोडून शिकायला आलेला, सरळ, मोजकं बोलणारा. त्याचं काय होणार हे मला आधीच ठाऊक होतं. सह्या झाल्यावर ताईचा माझ्या विजेच्या सामानाच्या दुकानात फोन आला. "चारी मुंड्या चीत! चौकी माझी, रस्ता माझा, तोफा फक्त त्याने मागे घ्यायच्या." मी गिऱ्हाइकांनाही ते ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनच्या संसदेने त्या कराराच्या चिंध्या केल्या. कॅप्टन ताठ उभा राहिला, पण सांगायला त्याच्या हातात काही नव्हतंच. या वर्गाच्या प्रमुख राजदूतबाई. खऱ्याखुऱ्या राजदूत होत्या एकेकाळी. त्या ताईला म्हणाल्या, "छान लढलात. लढाई शिकवणारा वर्ग शेजारच्या इमारतीत आहे. पुढच्या आठवड्यात शेवटची संधी."

ताई माझ्या दुकानात येऊन फुगून बसली. उगाच वायरची वेटोळी सोडून पुन्हा गुंडाळत होती.

"त्याला बोलता येत नाही, हा माझा दोष?"

"नाही. पण नापास तूही होशील," मी म्हटलं.

दुसरं कुणी हे बोललं असतं तर त्याची खैर नव्हती. तिने हातातलं वेटोळं खाली ठेवलं. मग माझ्यासमोरच तिने कॅप्टनला फोन लावला. "तुम्हाला संसदेत काय सांगता आलं तर बरं वाटेल?" तिने विचारलं. तिला इतका साधा प्रश्न विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आठवडाभर दोघं बसले. रस्ता कॅप्टनकडे गेला, चौकी दोघांची मिळून झाली, तोफा दोघांनीही मागे न्यायच्या ठरल्या.

"मग तुला काय मिळालं?" मी विचारलं.

"खिंडीत गोळी सुटणार नाही."

"एवढंच?"

"अरे, त्याचसाठी बसलो होतो ना."

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. आई आणि मी मागच्या रांगेत बसलो. आधी कॅप्टनची पाळी. आज गडी भलताच सुटला होता. "समोरच्या बाईंचं वक्तृत्व उत्तम," तो म्हणाला, "पण नकाशा वाचता येत नाही. रस्ता हातून कधी गेला, हे त्यांना अजून कळलेलं नाही!" सभागृह हसून लोटपोट झालं. माझं डोकं सणकलं. करार टाळ्यांच्या गजरात मंजूर.

मग ताई. तिची संसद तिच्यावर तुटूनच पडली. "रस्ता का घालवलात? एवढं हसं झालं, लाज नाही वाटत?" मला वाटलं, आता एकेकाची धुलाई होणार. ताईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. "रस्ता दिला," ती शांतपणे म्हणाली. "हसं माझं झालं, देशाचं नाही. तोफा दोन्हीकडच्या मागे जातात. खिंडीतल्या गावांना झोप लागेल. यापेक्षा जास्त आणणारा कुणी असेल तर त्याला पाठवा." कुणी उठलं नाही. करार काठावर मंजूर झाला. राजदूतबाईंनी दोघांच्या नावांपुढे सही केली. ताई पास झाली!

बाहेर येताच आईने कॅप्टनला गाठलं. "काय हो, माझ्या मुलीला नकाशा वाचता येत नाही?"

कॅप्टन लालबुंद झाला आणि ताईकडे बघायला लागला.

"त्याला ओरडू नकोस," ताई म्हणाली. "ते वाक्य मी लिहून दिलं होतं. त्याशिवाय त्याची संसद वळली नसती."

 

"याहून जहाल एक दिलं होतं," कॅप्टन हळूच म्हणाला. "ते मी नाही वाचलं, मावशी."