मला न येणारी भाषा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मनात आलं, आता हे सांगावं असं माणूसच उरलं नाही — आणि खरं सांगू? हायसं वाटलं. एवढ्यावरूनच ओळखा.

पुसदकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी रेकॉर्डचं काम केलं, निवृत्त होईपर्यंत. पेशंट घरी गेला की त्याचे कागद माझ्याकडे यायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला मी कोड द्यायचो. डोक्याचा मार असला की जपून. टाळू फाटली, टाके पडले — एस शून्य एक. मार आत, मेंदूला बसला असेल तर एस शून्य सहा. दोन्हींतला फरक पुष्कळदा एकाच प्रश्नावर ठरायचा — माणूस बेशुद्ध पडला होता का? कागदावर जे नाही ते झालंच नाही, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचो. मोठ्या तोऱ्यात.

माझं आडनाव पवार. ते मराठ्यांतही असतं आणि आम्हा बंजाऱ्यांतही. मी खोटं बोललो नाही कधी — कोणी पाटील समजलं तर समजू द्यायचो, इतकंच. इतकंच का? सर्व्हिस बुकात जात लिहिलेली होती, पण सर्व्हिस बुक उघडून बघतं कोण? आईला, म्हणजे आमच्या याडीला, मी सांगून ठेवलं होतं की क्वार्टरवर येशील तर लुगडं नेसून ये, आपला घेरदार फेटिया घालून नको. ती आलीच नाही. आमच्यात दोन शब्द आहेत. गोर म्हणजे आपला माणूस. कोर म्हणजे परका. मला कोर दिसायचं होतं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. एका तांड्यावरची तरणी बाई दुपारी आणली. तिचं नाव सांगत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली होती. सोबत काढणीला आलेली तिची म्हातारी आई; आणणारे बाकीचे सोडून परत गेलेले. नवरा दुसऱ्या वावरात होता, मागाहून येणार होता. केसपेपरवाला रजेवर, म्हणून त्याच्या जागी मी बसलेलो. तरुण डॉक्टर टाके घालता घालता म्हातारीला विचारत होते, बेशुद्ध पडली होती का? तिला बाजारापुरती मराठी येत असणार. पण त्या भीतीत तिच्या तोंडून नुसती आमची गोरबोलीच येत होती.

"मावशी, मराठीत बोल नं वं," सिस्टर हसत म्हणाली. "मले तुवं काहीच समजून नाही राह्यलं."

मला समजत होतं. पोरगी पडली तशी निपचित. खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणली तरी डोळे उघडत नव्हती. उघडले तेव्हा ओकली. तुझ्या पोराचं नाव काय, असं विचारलं तर म्हणाली, कोणतं पोर? — एकेक शब्द समजत होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पवारसाहेब, तुम्ही इकडचेच ना? कळतं का काही?"

"त्याइले कसं समजन सर!" सिस्टर मध्येच म्हणाली. "पाटील माणूस आहे तो."

आणि मी हसलो. म्हणालो, "आपल्याले कुठं येते सर ते भाषा."

आपल्याले — हा शब्द मला बरोबर सुचला.

बाहेर रांग होती. बाई तोवर स्वतःचं नाव सांगू लागली होती. डॉक्टरांनी लिहिलं, बेशुद्ध पडल्याची माहिती नाही. नवरा आला, त्यानं काही पाहिलं नव्हतं, तो काय सांगणार? बेशुद्धीचं कळलं असतं तर तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवली असती. दुसऱ्या दिवशी घरी पाठवली.

माणसं समोर होती, घाईत तोंडून निघून गेलं — असं म्हणता आलं असतं. पण काही दिवसांनी तोच कागद माझ्या टेबलावर आला. खोलीत कोणी नव्हतं. शंका असेल तर कोड देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, असा नियम. मला कसली शंका? मला माहीत होतं. डॉक्टर व्हरांड्यातच उभे होते. जाऊन काय म्हणणार होतो — त्या दिवशी ती भाषा येत नव्हती, आता यायला लागली? मी लिहिलं, एस शून्य एक. अक्षर चांगलं आलं.

पुढच्या उन्हाळ्यात दोघी मायलेकी परत आल्या. ते डॉक्टर तोवर बदलून गेले होते. पोरीचं डोकं फार दुखायचं, चूल पेटवून ती विसरून जायची, अंगावर धावून जायची. सासरचे म्हणत, ही आधीपासूनच येडी, आम्हाले फसवून देली. तिला माहेरी पाठवली, पोरगा ठेवून घेतला. तांड्याच्या पंचांपुढे बैठक होती. म्हातारीला एवढाच कागद हवा होता — हे पडल्यामुळं झालं. नवे डॉक्टर म्हणाले, जुन्या कागदात तसं काही नाही. टाळूची जखम आहे फक्त.

मग ती माझ्या खिडकीशी आली. पोरगी मागं बाकावर ओढणीचं टोक बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी ती बोलत असताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो — न समजणारा माणूस तसा बघत नाही. तिच्या ते ध्यानात राहिलं असावं. हळू आवाजात म्हणाली, "गोर छी क?"

आपला आहेस का, विचारत होती. बैठक अजून व्हायची होती. मी तोंड उघडलं असतं तर कागद बदलला असता, निदान पंचांपुढे एक साक्षीदार उभा राहिला असता.

मी म्हणालो, "आजी, मराठीत सांगा."

पोरगा सासरीच वाढला. शाळेतल्या पोरांना सांगायचा, माझी आई वारली. याडीच्या तांड्यावरून हे माझ्या कानावर आलं. पण ते नंतर. त्या दिवशी म्हातारीनं एवढंच केलं — पोरीला हाताला धरून उठवलं. पोरीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण? ते मात्र तिला विचारावंसं वाटलं.

म्हातारी मागं न बघता म्हणाली, "कोर छ."

मला नीट कळलं.