बाबांचा नमुना

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झेब्रा माशांवर काम करत होते. करंगळीहून लहान, अंगावर निळे पट्टे. असा मासा आमच्या जव्हारच्या ओहोळांतही दिसतो, त्यामुळे घरी समजावणं सोपं गेलं. अंडी औषधाने धुवून निर्जंतुक पाण्यात वाढवली, तर पिल्लांच्या पोटात एकही जंतू नसतो. मग माणसाच्या आतड्यातले जंतू त्या पाण्यात सोडायचे आणि पिल्लांच्या पारदर्शक पोटात ते कसे राहतात ते पाहायचं.

त्यासाठी निरोगी माणसांच्या शौचाचे नमुने हवे होते. माझे बाबा निवृत्त मास्तर, जन्मभर नागलीची भाकरी खाल्लेले. त्यांनी लाजत लाजत डबी भरून दिली. डबीवर नाव नव्हतं, फक्त आकडा. त्यातले जंतू आम्ही गोठवून ठेवले.

चार महिन्यांनी बाबा झोपेतच गेले. तेरावं आटोपून मी कामावर परतले, तर त्या आठवड्याच्या यादीत त्यांचाच आकडा होता. मी त्या आकड्याची कुपी वितळवून पोषक द्रावणात ओतली. दुसऱ्या सकाळी द्रावण गढूळ झालेलं दिसलं. जंतू जिवंत होते. त्यांच्यावर हिरवा चमकणारा रंग चढवून ते पाण्यात सोडले. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गुंगीच्या औषधाने पिल्लं निपचित पडली होती आणि त्यांच्या आत हिरवे ठिपके सावकाश पुढेमागे सरकत होते.

सुट्टीत घरी गेले तेव्हा न राहवून आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्यांना खायला काय घालतेस?" तिने विचारलं.

त्यांना म्हणजे माशांना की बाबांना, हे विचारायचा मला धीर झाला नाही. निघताना तिने नागलीचं पीठ बांधून दिलं.

प्रयोगात असलं काही मिसळत नाहीत. तरी त्या पिल्लांच्या एका बशीत मी वाफेवर निर्जंतुक करून चिमूटभर पीठ टाकलं. सकाळी बाकीच्या बशांत पिल्लं विखुरलेली होती. या बशीतली सगळी एका कडेला, माझ्याकडे तोंड करून थांबली होती. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले. तीही वळली. ती बशी मी नोंदीत घेतली नाही.

प्रयोग संपला की पिल्लांना गुंगीचं औषध जास्त देऊन मारतात. ते मीच केलं. रविवारी फोनवर आईला काम संपल्याचं, ते मासे आता नसल्याचं सांगितलं. ती बरं म्हणाली, एवढंच. पुढे घरी आईजवळ असलेल्या वहिनीकडून कळलं, की फोन ठेवून ती मोरीत गेली आणि भरदुपारी डोक्यावरून पाणी घेतलं.