जंतूंना ताक

तेव्हा मी पुण्याच्या एका कॉलेजात हंगामी मास्तर होतो. नातेवाईक विचारत, "कशाचा अभ्यास करतोस?" मी सांगे, "गुहेतल्या जंतूंचा." मग पंगतीत माझ्या शेजारचा पाट रिकामा राही.

वेल्ह्याच्या वर, धनगरवाड्याजवळच्या एका काळोख्या गुहेत मला भिंतीवर सायीसारखा पांढुरका थर सापडला. उजेडाचा पत्ता नाही, तरी तो आपला सुखात वाढत होता. तिथल्या एका म्हाताऱ्या धनगरणीने कंदील धरून मला गुहा दाखवली होती. काचेच्या नळीत थर खरवडून घेताना मी तिला ऐटीत सांगितलं, "मावशी, हा जिवंत आहे बरं का." तिने थराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला माझीच काळजी वाटली असावी.

कॉलेजात उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर थराने छान मूळ धरलं. आमचे प्राध्यापक मात्र खट. म्हणाले, "मला गुहेतच दाखवा. खरं निघालं तर नोकरी कायम, नाहीतर दुसरीकडे बघा." मी धनगरवाड्यावर निरोप धाडला, की दिवाळीनंतर मोठे साहेब गुहा बघायला येतील. आणि घरी जाऊन महिनाभर लाडू खात बसलो. परत येतो तो बटाट्यांचं चामडं झालेलं आणि त्यांच्यावरचा सगळा कारभार आटोपलेला! आता सगळी भिस्त गुहेवर.

नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, शेवटी पायपीट. प्राध्यापक धापा टाकत गुहेत शिरले, मागोमाग मी. भिंती चुन्याने पांढऱ्याफेक. जमीन शेणाने सारवलेली. तोंडाशी रांगोळी.

"तीन दिस खरवडत हुतो," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "मोठं सायेब येनार, आन भिताडं अशी बुळबुळीत? आमाला लाज न्हाई व्हय?"

मी तिच्यावर ओरडलो, हे कबूल करतो. "अहो, तेच तर बघायचं होतं! कुठे टाकलंत ते?"

"टाकतीया कशाला?" ती उलट माझ्यावरच खेकसली. "जित्तं हाय म्हनला न्हवं तुमी?" खोपटातून तिने एक मडकं आणलं. "रोज वाईच ताक घालतीया. जिवाला उपाशी कसं ठिवायचं?"

प्राध्यापकांनी मडक्यात डोकावून बघितलं. मग नाकाला धोतराचा सोगा लावून मला विचारलं, "आणि तुमचे बटाटे?"

मी दिवाळीचं सगळं सांगून टाकलं, लाडवांसकट. त्यांनी मडकं उचललं. परतताना गाडीत मडकं त्यांच्या मांडीवर बसलं आणि मी नसरापूरपर्यंत गाडीमागून चालत आलो.

सूक्ष्मदर्शकाखाली दह्याच्या जंतूंची जत्रा भरली होती. त्या गर्दीत, अंग चोरून, माझ्या गुहेतल्या जंतूंचे बारीक धागे जिवंत होते. मला इतका आनंद झाला, की मी प्राध्यापकांना मिठी मारली. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. तरी नोकरी कायम झाली.

पेढे घेऊन मी धनगरवाड्यावर गेलो. म्हातारीने पेढ्यांकडे बघितलंही नाही, नोकरीचं विचारलंही नाही.

"जेवतूय न्हवं त्यो?" तिने विचारलं.

"जेवतो, मावशी," मी म्हणालो. "आता मी सुट्टी घेत नाही."