तिसऱ्या मशीनमधला आवाज

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण चूक झाली की ते लाल दिव्यासारखे दत्त म्हणून उभे राहायचे. कोणी कोड बदलला की तो विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही मशीनवर आपोआप चालवून तपासला जाई; जमलं तर स्क्रीनवर हिरवं, चुकलं तर लाल. ती सगळी मांडणी मास्तरांची. "माझ्या मशीनवर तर चालतं," असं कोणी म्हटलं की ते चष्म्यावरून बघत. "मग तुझं मशीनच पाठव गिऱ्हाइकाला. सोबत तूही जा."

मास्तर जाऊन वर्ष झालं. त्यांच्या टेबलाखालचं लिनक्स मशीन मात्र चालूच होतं. त्याला हात लावायला आम्ही घाबरायचो. शेवटी ते भंगारात काढायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. नव्या मशीनवर मी सगळं जसंच्या तसं मांडलं. विंडोज हिरवं, मॅक हिरवं, लिनक्स लाल. फक्त लिनक्सवरच्या तपासणीत लागणारी एक नमुन्याची फाईल सापडत नव्हती. ती प्रकल्पात नव्हतीच, जुन्या मशीनवर मास्तरांच्या खासगी फोल्डरमध्ये होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला हसू फुटलं.

आमचं ॲप गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढतं. मी फाईल वाजवली. ऑफिसचा कलकलाट, आणि त्यात मास्तर घरी फोन करून सांगतायत: "चहा टाक गं, आलोच."

हसू कुठल्या कुठे गेलं. वर्षभर आमच्यापैकी कोणीही काही बदललं की टेबलाखाली हे वाक्य तपासलं जात होतं, आणि आम्ही शेजारी बसून डबे खात होतो.

मी मास्तरांच्या बायकोला, वहिनींना, ऑफिसात बोलावलं. फोटो ढीगभर आहेत, ह्यांचा आवाज कुठेच नाही, असं त्या मागे रडून म्हणाल्या होत्या. वाटलं, केवढा आनंद होईल. त्यांनी हेडफोन लावून एकदाच ऐकलं. मी पेनड्राइव्ह पुढे केला.

"नको भाऊजी."

"अहो वहिनी, पण हा एवढाच तर आवाज..."

"घरी नेला तर मी रोज चहा टाकीन." मग हळूच म्हणाल्या, "पण पुसूही नका. इथे येऊ देत त्यांना."

मी फाईल प्रकल्पात घातली. आता ती तिन्ही सिस्टिमवर तपासली जाते. जुनं मशीन भंगारात गेलं. कोड पाठवला की मी स्क्रीनकडे बघत बसतो. लिनक्सला नेहमी थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दार वाजलं तर ते "आलोच" आठवून माझी मान वळते, आणि मला खरंच भीती वाटते.